चार नंबरची आई

आमच्याकडे आयांना नावं नसतात. म्हणजे असतात, पण कुणी वापरत नाही. हाक मारतात ती बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या नंबरावरून, "ए चार नंबरची आई, दूध आण", "नऊ नंबरचे पप्पा, खालून औषध घेऊन या". मीपण तेच करते, लाज वाटते, पण वीसेक बाळं असली की जिभेला तेच वळण लागतं. म्हणून इथेही ती चार नंबरची आईच राहू दे, तसंही खरं नाव द्यायचं नाहीये आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील मी बदललेत.

मी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, काउन्सेलर आहे. कागदावर लॅक्टेशन काउन्सेलर, प्रत्यक्षात दूध काढायला शिकवणं, रडणारीजवळ बसणं, वॉचमनशी भांडणं आणि आधार कार्डाची झेरॉक्स कुठे मिळते ते सांगणं, सगळंच. हे प्रकरण लिहून काढ असं आमच्या मॅडम कधीपासून म्हणत होत्या कारण त्यांच्या मते हे यशस्वी प्रकरण आहे. मला तसं पूर्ण वाटत नाही, का ते पुढे येईलच.

तर ती २३ वर्षांची, दहावी पास. मानखुर्दला पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये २२५ फुटांची खोली, त्यात ती, नवरा, सासू आणि दीर. नवरा पार्सल डिलिव्हरीवर. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलेलं. या वेळी अठ्ठावीस आठवडे उलटले आणि बीपी वाढलं, पायाला सूज, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे. अॅडमिट केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, दोन दिवस थोपवता आलं आणि मग सिझर. २९ आठवडे पूर्ण, मुलगी, वजन ११४० ग्रॅम. लगेच सीपॅप लावला, म्हणजे नाकातून दाबाने हवा देतात ते, आणि श्वास विसरू नये म्हणून कॅफीन. फेब्रुवारीचा शेवट होता.

आईचं बीपी खाली येईना म्हणून तिला दुसऱ्या मजल्यावर ठेवलेलं, बाळ चौथ्यावर. पहिले तीन दिवस तिने मुलीला पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाईलवर, काचेतून काढलेला फोटो, त्यात बाळ कमी आणि ट्यूबलाइटचा उजेड जास्त.

चौथ्या दिवशी मी तिला भेटले. मी सवयीने विचारलं, बाळ कसं आहे? ती म्हणाली, "तुम्हीच सांगा ना ताई, मला काय माहीत."

हे वाक्य मी रजिस्टरमध्ये जसंच्या तसं लिहून ठेवलं. नंतर मोजलं तर पहिल्या आठवड्यात तिने ते माझ्याशीच सहा वेळा म्हटलं होतं. दूध येतंय का, मला काय माहीत. बाळाला शी झाली का, मला काय माहीत. सिस्टर लोकांना हे ऐकून राग येतो, म्हणतात बघा आईला काही पडलेलीच नाहीये. पण खरं सांगायचं तर तिला माहीत असण्याचा काही मार्गच आम्ही ठेवला नव्हता. दिवसातून दोनदा दहा मिनिटं काचेबाहेरून बघायचं, आत गेलीच तर हात लावायचा नाही, विचारलं तर "मॅडम राउंडला सांगतील", आणि राउंड इंग्लिशमध्ये. पाहुणीसारखं वागवायचं आणि मग यजमानीण का होत नाही म्हणून तक्रार करायची, असला प्रकार.

दूध

तिला वाटत होतं दूध आलंच नाही. मी आधी तिच्या बेडजवळ बसून हाताने काढायला शिकवलं, स्तनाच्या काळ्या भागाच्या थोडं मागे अंगठा आणि दोन बोटं, आधी छातीकडे दाबायचं मग बोटं एकमेकांकडे, ओढायचं नाही, चोळायचं नाही. दहा मिनिटांत वाटीच्या तळाला पिवळं चिकट काहीतरी लागलं. चीक. तिने वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली एवढंसं, हे काय कामाचं, टाकून देऊ का.

सिरिंजमध्ये ओढलं तर ४ मिली होतं. मी म्हणलं तुझ्या मुलीला एका वेळी किती लागतं माहितीये? नेहमीचं उत्तर आलं. म्हणलं २ मिली. नळीतून दर दोन तासांनी २ मिली जातं तिला, तू दोन वेळचं जेवण काढलंस आत्ता. ती वाटीकडे बघतच राहिली. आम्ही नेहमी बायकांना सांगत असतो चीक म्हणजे बाळाचं पहिलं लसीकरण, अमृत, सोनं, ते सगळं बरोबरच आहे, पण त्या दिवशी तिला हलवलं ते २ आणि ४ या दोन आकड्यांनी. बाईला दूध कमी वाटतं ते कशाच्या तुलनेत वाटतं हे मी आधी विचारायला पाहिजे होतं, ती शेजारणीच्या तीन किलोच्या बाळाशी तुलना करत होती.

मधे एक अडचण होती आणि ती मला दोन दिवसांनी कळली. तिचं दूध येईपर्यंत बाळाला मिल्क बँकेचं दूध चालू होतं. हे नवऱ्याला सांगितलं होतं, सही घेतली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासूकडून कळलं. तिच्या डोक्यात बसलं की दुसऱ्या बाईचं दूध पिऊन पोरगी जगतेय मग माझं काय काम आहे. आणि सासूचं वेगळंच, कुणाचं कोणत्या जातीचं दूध देतात काय माहीत. सासूला मी सांगितलं की हे काही आजचं खूळ नाही, इथे सायनलाच, लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मिल्क बँक काढली, आशियातली पहिली. दूध देणाऱ्या बाईची एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोग सगळी तपासणी होते आणि दूध साडेबासष्ट डिग्रीवर अर्धा तास तापवतात. सासू म्हणाली सायन म्हणजे आपल्या इथलंच की. तेवढ्यावर जातीचा विषय संपला, का ते मला आजही नीट कळलेलं नाही.

पण तिचा प्रश्न संपला नव्हता. तिला मी म्हणलं ते उसनं आहे, आपण वाण्याकडून उसनं आणतो तसं, तुझं आलं की ते बंद. मग तिने वहीच केली. शंभर पानी, पुठ्ठ्यावर डोरेमॉन असलेली, दिराने आणून दिलेली. दिवसातून आठ वेळा दूध काढायचं, रात्री दोनचं चुकवायचं नाही, वेळ आणि मिली लिहायचे. दहाव्या दिवशी एका वेळेला ३० मिली येत होतं. बाळ तेव्हा दोन तासांनी १५ मिलीवर होतं. त्या दिवशी मिल्क बँकेचं दूध बंद झालं आणि वहीत तिने त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

सातमाशी

सासू रोज डबा घेऊन यायची आणि दारात बसून एकच सांगायची, सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही. आपली सातमाशी आहे, जगणार. आता हे शास्त्राच्या साफ उलट आहे. पोटात प्रत्येक आठवडा जास्त मिळाला की फुप्फुसं, मेंदू, आतडी सगळंच जास्त तयार होतं, ३३ आठवड्यांचं बाळ २९ पेक्षा कधीही बऱ्या स्थितीत. पण मी पहिल्या दिवशी खोडलं नाही, कारण त्या घरात आशा म्हणून तेवढं एकच वाक्य होतं आणि ते योगायोगाने आमच्या बाजूने होतं.

चूक होती ती. कारण पाच नंबरची आई शेजारीच बसलेली असायची आणि तिचं बाळ ३३ आठवड्यांचं, अठमाशी. सासूचं रोजचं ऐकून ऐकून तिने दूध काढणंच बंद केलं. कशाला काढू, जाणारच आहे. दोन दिवस आम्हाला कारण कळलंच नाही, डॉक्टरांना वाटत होतं इन्फेक्शन आहे की काय आईला.

मग मी सगळ्यांना मदर्स रूममध्ये बसवलं. बारा खाटा आणि वीस बायका, त्यामुळे बसवणं म्हणजे दाटीवाटीने. मी सांगायच्या आधी चार नंबरला विचारलं, तुझ्या बाळाला श्वासाचं मशीन किती दिवस होतं? सहा. पाच नंबर तुझ्या बाळाला? एक रात्र. तुझी नळी चालू आहे अजून? हो. तुझी? नाही, बोंडल्याने पिते. असे सात-आठ प्रश्न झाले आणि मला काही सांगावंच लागलं नाही, चार नंबरच म्हणाली की म्हणजे हिचं माझ्यापेक्षा पुढे आहे की. आणि मग तिने पाच नंबरला वही दाखवली, किती वाजता काढायचं वगैरे. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला कुणाला तरी काही सांगताना पाहिलं. आजीला मात्र तिने काही सांगितलं नाही, सुनेने सासूला खोडणं ही वेगळी पायरी असते, ती बरीच नंतर आली.

कांगारू

सीपॅप निघाला आणि जन्मानंतर आठव्या दिवशी बाळ छातीवर दिलं, म्हणजे कांगारू, आईच्या उघड्या छातीला बाळ लावून ठेवायचं. आता इथे मला आमच्याबद्दलच बोलायचंय. ही पद्धत निघाली कोलंबियात, बोगोटाला, १९७८-७९ च्या सुमारास, डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्तीनेझ यांनी, कारण पेट्या कमी पडत होत्या आणि एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवायला लागत होती. हे मी आयांना सांगते तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं "म्हणजे आपल्यासारखंच". पुढे २०२१ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात भारतातून दिल्लीचं सफदरजंग होतं आणि बाकी चार देश आफ्रिकेतले. १ किलो ते १८०० ग्रॅमची बाळं. जन्मल्याबरोबर, तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता छातीवर दिली आणि दिवसाला सतरा तासांच्या आसपास ठेवली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लगेच सुरू करा आणि दिवसाला ८ ते २४ तास द्या असं सांगितलं. आमची चार नंबर त्याच वजनात बसत होती, आणि आम्ही सुरू केलं आठव्या दिवशी. आई दुसऱ्या मजल्यावर, खुर्च्या चार, स्टाफ कमी, कारणं सगळी खरी आहेत. तरी उशीर तो उशीरच.

पहिल्या दिवशी सिस्टरने बाळ काढून तिच्या छातीवर ठेवलं, बेडकासारखे पाय पसरून, मान एका बाजूला, किंचित वर, टोपी, मोजे, लंगोट, वरून सुती साडी घट्ट बांधलेली. ती वीस मिनिटं लाकडासारखी बसली. खांदे कानाला लागलेले. मॉनिटर वाजला की डोळे मिटून घ्यायची. मी विचारलं कसं वाटलं, म्हणाली कधी घेतील परत असं झालं होतं. बायका रडतात, हसतात, फोटो काढतात असं आपण पोस्टरवर बघतो, हिला फक्त भीती वाटली, आणि त्यात काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक छोटी गोष्ट बदलली. बाळ सिस्टरने काढायचं नाही, आईने काढायचं, सिस्टरचे हात फक्त खाली. तिला तीनदा विचारायला लागलं, नक्की मी? तिने एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली घातला, वायर बाजूला घेतली आणि उचललं. हात थरथरत होते. पण बसल्यावर खांदे खाली होते. त्या दिवशी सव्वा तास. पंधरवड्याने दिवसाला सहा-सात तास व्हायला लागले, तीन-चार वेळा मिळून.

मॉनिटरचंही तसंच. मी तिला सांगितलं यातला एकच आकडा बघ, ऑक्सिजनचा, आणि त्याआधी बाळ बघ. आकडा पडला पण रंग गुलाबी आहे, छाती हलतेय, तर वायर निघाली असेल. कमी दिवसांची बाळं पाच-दहा सेकंद श्वास थांबवून मग भराभर घेतात ते चालतं, वीस सेकंद गेले किंवा ओठ निळे पडले तर हाक मारायची आणि तळपायाला चोळायचं. एकविसाव्या दिवशी तसं झालं. सिस्टर पलीकडच्या पेटीला होत्या, हिने तळपाय चोळला आणि मग हाक मारली, सिस्टर येईपर्यंत बाळाने श्वास घेतलेला. सिस्टर तिला म्हणाल्या शाब्बास. ते शाब्बास तिने मला पुढे तीन वेळा सांगितलं.

नवऱ्याला मात्र आम्ही कांगारू देऊ शकलो नाही. बाकीच्या बायका दूध काढत बसलेल्या असतात, पुरुष आत कसा घ्यायचा, पडदा नाही. तो एकदा म्हणाला होता मी देऊ का थोडा वेळ, आणि आम्ही बघू म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे त्यालाही कळतं.

डिस्चार्ज, आणि माझी चूक

वजन आधी घसरून १०४० वर गेलेलं, पहिल्या आठवड्यात ते होतंच, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. चौदाव्या दिवशी परत ११४०. मग रोज वीसेक ग्रॅम. अडतिसाव्या दिवशी १६५० ग्रॅम, अंगावर ओढत होती आणि वर बोंडल्याने, तीन दिवस सलग वजन वाढलेलं. सुट्टी.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी तिला सगळं विचारलं. सांगितलं नाही, विचारलं, कारण तेवढं मी शिकले होते. घरी नणंद आली आणि म्हणाली बाळ सुस्त का आहे, तर तू काय बघशील? तिने धडाधड सांगितलं: दूध घेईना, श्वास मिनिटाला ६० च्या वर, छाती आत ओढली जातेय, अंग गार किंवा ताप, झटके, तळपायापर्यंत पिवळं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, यायचं. तापमान? साडेछत्तीस ते साडेसदतीस. दूध बाहेर किती वेळ? चार तास. व्हिटॅमिन डी? रोज ४०० युनिट. मला इतका अभिमान वाटला की मी फॉर्मवर "आईला पूर्ण माहिती" असं लिहून खाली सही केली.

घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री साडेनऊला फोन. "ताई, सत्त्याण्णव आलंय."

मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं. वॉर्डातलं थर्मामीटर सेल्सिअसचं, आमचा तक्ता सेल्सिअसचा, आणि घरी नवऱ्याने मेडिकलमधून आणलेलं थर्मामीटर फॅरेनहाइटचं. तिला साडेछत्तीस ते साडेसदतीस पाठ, आणि समोर ९७.०. नवरा म्हणत होता मशीन बिघडलंय. सासू म्हणत होती माणसाचं अठ्ठ्याण्णव असतं, सत्त्याण्णव म्हणजे ठीकच आहे. आणि ९७ फॅरेनहाइट म्हणजे ३६.१, म्हणजे बाळ गार पडत होतं. दुपारी सासूने प्रेमाने तेल लावून आंघोळ घातली होती, १६५० ग्रॅमच्या बाळाला, आणि वर पंखा फुल.

पण फोन करायच्या आधीच तिने पोरीला गाऊनमध्ये घेतलं होतं. मी विचारलं कशावरून घेतलंस, आकडा तर कळला नव्हता. म्हणाली हात लावून बघितला ना, पोट गरम आणि पाय गार. हे आम्ही रोज कांगारूच्या वेळी करायचो, हाताची मागची बाजू आधी पोटाला मग तळपायाला. दोन्ही गरम तर ठीक, पाय गार तर बाळाला थंडी वाजतेय, पोटही गार तर धोका. पंखा बंद कर म्हणलं, टोपी घाल, अंगावर पाज, तासाभराने परत लाव आणि सांग, पित नसेल तर वाट बघू नको, निघ. साडेदहाला ९७.९. म्हणजे ३६.६. पिली पण होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मॅडम म्हणतात बघ, तिने बरोबर केलं, यश आहे हे. मला दिसतं ते असं की जे मी तोंडी परीक्षेत तपासलं आणि सही केली ते कामाला आलं नाही, आणि जे तिच्या हाताला शेकडो वेळा करून माहीत होतं ते आलं. आकडा कळला नाही तरी हातावर विश्वास ठेवायची हिंमत तिच्यात होती हे खरं, पण समजा तिचा हात तेवढा सरावलेला नसता तर? पुढच्याच आठवड्यात तक्त्यावर मी दुसरा आकडा चिकटवला, ९७.७ ते ९९.५. आणि आता डिस्चार्जच्या दोन दिवस आधी घरचं थर्मामीटर, घरचं बोंडलं किंवा वाटी-चमचा, मेडिकलमधून आणलेले थेंब, सगळं वॉर्डात आणायला लावते आणि तेच वापरून दाखवायला सांगते.

थेंबांवरून आठवलं. व्हिटॅमिन डीचे थेंब १ मिलीत ४०० चेही मिळतात आणि ८०० चेही. दुसरी बाटली घ्यायला गेली तेव्हा मेडिकलवाल्याने ८०० ची दिली, एकच आहे म्हणाला. तिने लेबल वाचलं आणि तिथेच म्हणाली मग अर्धाच मिली द्यायचा ना, नाहीतर बदलून द्या. बदलून घेतली.

घर

घरचं सगळं असं गोड नव्हतं. कांगारू तिने घरी दहा-बारा दिवस दिलं आणि मग बंद झालं. एप्रिलची मुंबई, एक खोली, दीर समोर, पत्रा नसला तरी शेवटचा मजला तापतोच. मी फोनवर म्हणायचे रात्री दे, पहाटे दे. ती हो म्हणायची. वहीत त्या दिवसांची पानं कोरी आहेत आणि तिने ती भरून काढायचा खोटेपणा केला नाही याचं मला कौतुकच वाटलं. वजन वाढत होतं, बाळ गार पडत नव्हतं, मी जास्त ताणलं नाही.

सासूचा विषय मोठा होता. बेचाळिसाव्या दिवशी फॉलोअपला आली तेव्हा तिने हळूच सांगितलं की आई मधात उगाळून गुटी देणार आहेत, मला नाही म्हणता येत नाही. मला राग आला, आणि आधी तो सुनेचाच आला की एवढं शिकवलं आणि तोंड उघडत नाही. मग वाटलं की अडतीस दिवस ज्या बाईने रोज मानखुर्दवरून कुर्ल्याला गाडी बदलून डबा आणला तिला आम्ही एकदाही आत घेतलं नाही, तिला कुणी काही शिकवलंच नाही, आणि घरात निर्णय तिचा. सगळा वर्ग आम्ही चुकीच्या, म्हणजे एकाच बाईसाठी भरवला होता.

आजीला बोलावलं. मी मधाबद्दल बोललेच नाही आधी. म्हणलं आजी, नात छातीशी घेऊन बघता का? त्यांनी पदर बाजूला केला आणि घेतलं, सुनेपेक्षा कितीतरी सहज. अर्धा तास बसल्या. मग म्हणलं हिचं आतडं अजून कच्चं आहे, मधातल्या जंतूंनी वर्षाच्या आतल्या बाळांना लुळं पडायचा आजार होऊ शकतो, गुटीचा दगड कितीही धुतला तरी जंतू राहतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय नि डॉक्टरांच्या थेंबांशिवाय काही नको. आजी म्हणाल्या आमच्या चारही पोरांना दिली. मी म्हणलं ती तीन-तीन किलोची असतील. त्या गप्प बसल्या. गुटी दिली नाही असं सून सांगते, मी विश्वास ठेवते.

त्याच दिवशी आणखी एक. फॉलोअपला आम्ही एडिंबराची दहा प्रश्नांची उदासीची प्रश्नावली भरून घेतो. जितके मार्क जास्त तितकी उदासी जास्त. तिचे १४ आले. मला धक्का बसला कारण माझ्या डोळ्यांसमोर ती वॉर्डातली सगळ्यात हुशार, सगळ्यात धीट आई होती. म्हणाली रात्री श्वास मोजत बसते ताई, झोपले आणि थांबला तर? म्हणजे जे आम्ही शिकवलं तेच ती रात्रभर करत होती. वॉर्डात मॉनिटर होता, सिस्टर होत्या, घरी सगळं तिच्या एकटीवर. सायकियाट्री ओपीडीला पाठवलं, एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली नाही. मग नवऱ्याशी बोलले, रात्री दोन ते पहाटे पाच बाळ त्याच्याकडे, तू झोपायचं, श्वास मोजायचे नाहीत, पिते का आणि अंग गरम आहे का एवढंच बघायचं. तीन आठवड्यांनी ९ आले. वॉर्डात न मिळालेलं कांगारू त्याला घरी पहाटे मिळालं, शर्ट काढून बसतो म्हणे.

डोळ्यांच्या तपासणीबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त बाळं हातची जातात. ३४ आठवड्यांच्या आतली किंवा २ किलोच्या आतली बाळं, यांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचं अंधत्व येतं, आणि वेळेत सापडलं तर लेझरने वाचतं. पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांनी, फार लहान बाळांची त्याच्याही आधी. ती अठ्ठाविसाव्या दिवशी वॉर्डातच झाली, वाढ अपुरी, दोन आठवड्यांनी परत. ती परत यायची तारीखच लोक चुकवतात कारण तोवर बाळ घरी असतं, टकामका बघत असतं. हिनेही विचारलं, बघते तर सगळीकडे, मग कशाला? मी म्हणलं बाहेरून खिडकी धुतलेली दिसते, आतल्या वायरिंगचं काय? तिचा दीर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली आहे, तिला ते चटकन पटलं. चार फेऱ्या झाल्या, डोळे ठीक निघाले, लेझर लागलं नाही.

साडेपाच महिन्यांनी ती आली तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका विचारत होत्या अजून पालथी कशी पडत नाही. तिने त्यांना ४० वजा २९ करून दाखवलं होतं, अकरा आठवडे वजा करा, माझी मुलगी अजून तीन महिन्यांचीच. लस मात्र जन्मतारखेपासूनच, हेही सांगितलं म्हणाली.

म्हणून मी तिला आमच्या गुरुवारच्या आयांच्या बैठकीला बोलावलं, नवीन बायकांशी बोल म्हणलं. छान बोलली. वही दाखवली, वाटीतलं ४ मिली सांगितलं, थर्मामीटरची गोष्ट सांगितली आणि सगळ्या हसल्या. आणि मग म्हणाली, रात्री झोपत नसेल ना बाळ तर पालथं झोपवा, माझी तशीच झोपते, इथे पण सिस्टर पालथंच ठेवायच्या.

माझ्या पोटात गोळा आला. एनआयसीयूत आम्ही पालथं ठेवतो कारण तसा श्वास सोपा जातो आणि चोवीस तास मॉनिटर असतो. घरी झोपवायचं ते उताणंच, पालथं झोपवलेल्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, फॉर्मवर तो रकानाच नव्हता. अडतीस दिवस ती आमच्याकडे बघून शिकत होती आणि आम्ही समजत होतो की आम्ही बोलतो तेवढंच ती शिकते.

तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, तिचं काही चुकलेलं नाही, आमचं राहिलं म्हणून. ती ओशाळली, मग वही काढली आणि लिहून घेतलं. आता सुट्टीच्या आठवडाभर आधीपासून आम्ही बाळाला वॉर्डातच उताणं झोपवायला लागतो आणि आईला का ते सांगतो. म्हणजे, मी असले की. नाईटला सिस्टर बदलतात आणि सकाळी येऊन बघावं तर चार नंबर परत पालथं.